आज काय गिळलंत?

“पोटातलं पोटात ठेवून उंबरा ओलांडायचा नाही, पोरांनो. सांगा, आज काय गिळलंत?”

हा आवाज मोठ्या बाईंचा. जाडसर, घोगरा, आणि शेवटच्या शब्दाशी येऊन पान हलावं तसा हलणारा. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ताईच्या कानात तो आवाज बिऱ्हाड करून होता.

ताई सरकारी दवाखान्यात समुपदेशक. मनानं आजारलेल्या माणसांचं ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. पेशंट ताई म्हणत, म्हणून शिपाई ताई म्हणे, शिपाई म्हणे म्हणून डॉक्टरही म्हणत. घरी नवरासुद्धा एखाद्या वेळी चुकून “ताई, चहा?” म्हणून जाई आणि मग जीभ चावून बसे.

तिला हे काम शिकवलं मोठ्या बाईंनी. कॉलेजानं पदवी दिली, बाईंनी कान दिले. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत औषधांच्या कोठीत, कापसाच्या गठ्ठ्यांवर सगळी गोल करून बसत. कुणीतरी एक दुखणं मांडायचं. नाव नाही, गाव नाही, फक्त दुखणं. बाकीच्यांनी उलटंसुलटं करून बघायचं, कुठे चुकलं, कुठे घाई झाली. आणि उठण्याआधी बाईंचा तो प्रश्न. दिवसभरात लोकांपुढे गोड तोंड ठेवून आपण जे गिळलं, ते ज्यानं त्यानं ओकून टाकायचं. एक बोलत असला की बाकीच्यांनी ओठ मिटायचे. धीर द्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. ‘ऐकणाऱ्याच्या कानाला दार असावं, कडी नसावी,’ असं बाई म्हणायच्या.

सगळे ओकायचे. ताई मात्र दर वेळी म्हणायची, “माझं काही नाही, बाई. सगळं पचलं.”

बाई चष्म्यावरून बघायच्या. “पचलं की दडलं?”

ताई हसायची. गोड हसायची. हसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग नियम आला. समुपदेशकाचा परवाना चालू ठेवायचा तर ठरावीक मुदतीत ठरावीक तासांचं शिक्षण घेतलंच पाहिजे. नियम काही वाईट नव्हता. शिकणं थांबलं की माणूस गंजतो, हे बाईच सांगायच्या. पण तास धरायचे ते फक्त मान्यता असलेल्या संस्थेचे. कोठीतल्या गुरुवारांना मान्यता नव्हती, आणि मान्यता मिळवायची तर तिचीच फी एवढी, की कापसाचे गठ्ठे विकूनही भरली नसती. मान्यतेचे वर्ग भरत काचेच्या हॉटेलात. तिथली दोन दिवसांची फी ताईचा महिन्याचा पगार गिळून वर चहा प्यायची. मोठ्या दवाखान्यांतले मोठे डॉक्टर तिथे जाऊन शहाणे होऊन यायचे. ज्यांच्या दारात रोज रांग, त्यांनी शिकायचं कशानं, हे कुणी विचारलं नाही. तासांच्या मागे धावता धावता गुरुवारचं वर्तुळ विस्कटलं. बाई निवृत्त झाल्या, मग गेल्या.

आणि यंदा, परवान्याची मुदत संपत आली असताना, संस्थेनं जाहीर केलं: सर्वांना परवडेल असं शिक्षण! घरबसल्या, मोबाइलवर!

“बघा ताई, देवाला दया आली,” ताईच्या हाताखालची चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे विभागातली नवी मानसतज्ज्ञ. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून हे नाव. “फी पण आपल्या खिशातली आहे. आणि शिकवणारं कोण, माहितेय? तुमचा बासरी!”

बासरी त्याच वर्तुळातला. ताईच्या शेजारच्या गठ्ठ्यावर बसायचा. आवाज असा गोड, की रडणारं मूलही ऐकायला थांबावं. आता तो संस्थेत मोठा सर झाला होता.

ताईनं पैसे भरले. रोज संध्याकाळी मोबाइल डब्याला टेकवून ती कांदा चिरत बासरीचे धडे ऐकू लागली. आणि तिथेच कळलं, परवडणाऱ्याची परवड कशी असते ते. दर थोड्या वेळानं पडद्यावर हिरवं बटण उगवायचं: ‘आपण उपस्थित आहात ना?’ लगेच दाबायचं. नाही दाबलं तर धडा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा चुकलं तर अख्खं शिक्षण बाद, पैसे बुडाले, पुढच्या तुकडीत या. पुढची तुकडी परवान्याची मुदत संपल्यावर.

“हॉटेलात पण असं बटण असतं का गं?” नवऱ्यानं विचारलं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. घरात आला की त्याच्या हातांना गॅसचा वास.

“तिथे नसतं. तिथे जेवण असतं.”

“म्हणजे पैसेवाला झोपला तरी हजर, आणि आपण कांदा चिरला की गैरहजर?” तो पडद्याकडे बोट करून म्हणाला, “सांग त्याला, लग्न झाल्यापासून मी पण हेच विचारतोय. आहात ना?”

ती हसली, आणि हसण्याच्या नादात कणकेचा हात पुसेपर्यंत बटण मावळलं. एक चूक झाली. धडा पहिल्यापासून.

आता शेवटचा धडा तेवढा उरला होता: ‘संपूर्ण लक्ष देऊन ऐकणे’. तो ती दुपारी, दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत ऐकत बसली. दार लोटलेलं, एका कानात मोबाइलची दोरी, समोर अर्धा डबा. बासरी मधाळ आवाजात सांगत होता, “मित्रहो, मी माझ्या कामात एक तत्त्व शोधून काढलं आहे. पोटातलं पोटात ठेवून उंबरा ओलांडायचा नाही.”

ताईचा घास हातातच राहिला.

मी शोधून काढलं आहे?

तेवढ्यात दार करकरलं. दारात शिवणवाली उभी.

शिवणवालीचा हा वार नव्हता. कितीतरी महिने ती ठरल्या वारी यायची, खुर्चीवर बसायची, रुमालाची घडी घालायची, मोडायची, परत घालायची, आणि वेळ संपली की उठून जायची. एक शब्द नाही. तिची मुलगी वारली होती, एवढंच केसपेपरावर. वरचे डॉक्टर म्हणत, “ताई, या बाईमागे जागा का अडवताय? रांग बघा बाहेर.” ताई म्हणायची, “बघू, सर,” आणि गोड हसायची.

आज शिवणवालीच्या हातात रुमाल नव्हता.

“ताई,” ती म्हणाली. आवाज न वापरल्यामुळे गंजलेला. “तुम्ही जेवताय. मी नंतर येते.”

पडद्यावर हिरवं बटण उगवलं. ताईनं ते पाहिलं. अगदी नीट पाहिलं. अंगठा पुढे केला असता तर पोचला असता. पण तेवढ्यासाठी नजर खाली न्यावी लागली असती, आणि त्या बाईच्या डोळ्यांत नुकतं कुठे कुणीतरी दार किलकिलं केलं होतं. एवढ्या महिन्यांनी उघडलेलं दार एका नजरेच्या चुकीनंही लागतं. हे तिला कुठल्या धड्यात शिकवलं नव्हतं, कापसाच्या गठ्ठ्यावर शिकवलं होतं.

तिनं कानातली दोरी काढली, मोबाइल पालथा घातला.

“बसा,” ती म्हणाली.

शिवणवाली बसली नाही. उभ्यानंच बोलली. “सगळे मला म्हणतात, रड. रडलीस की मोकळी होशील. मला रडायचं नाहीये, ताई. मला ओरडायचंय.” आणि मग ती बोलत राहिली. दुपारची घंटा झाली, बाहेर रांग कुरकुरली, चिमणीनं दारातून डोकावून मुकाट्यानं मागचे पेशंट आपल्याकडे वळवले. ती काय बोलली, ते ताईचं आणि तिचं. आपल्याला इथे ते सांगायचं नाही.

ती गेल्यावर ताईनं मोबाइल उताणा केला. पडद्यावर लाल अक्षरं: ‘आपण शिक्षणादरम्यान अनुपस्थित होता. आपली नोंदणी रद्द करण्यात आली आहे.’

अनुपस्थित.

तो शब्द तिनं कितीदा वाचला कोण जाणे. सापानं बेडूक गिळावा तसा तिनं तो गिळला, आणि बेडूक खाली उतरेना.

परवाना गेला तर खुर्ची जाणार. खुर्ची गेली तर शिवणवाली पुढच्या वारी येऊन कुणापुढे उभी राहणार? वरचे डॉक्टर गोळ्या लिहून देतील, झोपेच्या. आत्ता कुठे जागी झालेली बाई परत झोपवतील.

दुसऱ्या दिवशी चिमणीला घेऊन ती संस्थेत गेली. काचेचं दार, प्लास्टिकची झाडं, त्यांवरची धूळ मात्र खरी. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, “कारण काय? नेटवर्क, मोबाइल बिघाड, की आजारपण? यांतलंच एक बोला.”

खरं कारण सांगायचं तर पेशंटची गोष्ट चारचौघांत येणार. या धंद्यात जीभ कापून द्यावी, पण ती गोष्ट देऊ नये.

“कामात होते,” ती म्हणाली.

“ते यात बसत नाही,” कारकून म्हणाला.

“मग तुमच्यात बसतं काय?” चिमणी कडाडली. “ताई रजा न घेता राबतात, ते यात बसत नाही, हॉटेलात घोरणारे बसतात!”

“चिमणे,” ताईनं तिचा दंड धरला आणि कारकुनाकडे बघून हसली. गोड.

एवढ्यात बासरी स्वतःच बाहेर आला. पांढरे झालेले केस, इस्त्रीचा सदरा. “अरे! तू? ये, आत ये!” खरंच आनंद झाला होता त्याला. खोलीत नेऊन बसवलं, पाणी मागवलं. नोंदणी रद्द झाल्याचं ऐकून मान हलवली, आणि त्याच मधाळ आवाजात म्हणाला, “तुला खूप त्रास झालेला दिसतोय.”

ताईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की मला त्रास झालाय.”

“तुला असं वाटतंय का, की मी तुझं ऐकत नाहीये?”

“तुम्हाला काळजी वाटतेय, की मला असं वाटत असेल.”

चिमणीनं कपाळावर हात मारला. “अरे देवा! दोन आरसे समोरासमोर ठेवलेत, मधे माणूसच नाही!”

बासरी ओशाळून हसला. ताईही हसली, आणि अर्ध्यातच तिचं हसू विझलं. हयातभर ती हेच करत आली होती. कुणी लाथ मारली, की तिनं विचारायचं, ‘तुमचा पाय दुखला का?’

“हे बघ,” बासरी आवाज खाली आणून म्हणाला, “नियम माझ्या हातात नाही. पण सही आहे. तुझा शेवटचा धडा झाला असं मी दाखवून टाकतो. जुनी ओळख. बाहेर बोलू नकोस, म्हणजे झालं. सगळे असंच मागायला लागले तर संस्था कशी चालायची?”

चिमणीनं ताईकडे पाहिलं. हो म्हणा, असं तिच्या डोळ्यांत होतं. ताईलाही हो म्हणायचं होतं. एक सही, आणि शिवणवाली वाचली. पण मग बाकीच्यांचं काय? लांबच्या दवाखान्यांत एकट्यानं रांगा उपसणारे, ज्यांचा कुणी बासरी ओळखीचा नाही, ते कांदा चिरता चिरता गैरहजर ठरतच राहणार. उपकाराचा हा गोड घासही गिळायचा, आणि वर बाहेर बोलायचं नाही.

तिनं खुर्ची मागे सरकवली, पण उठली नाही. पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. कापसाच्या गठ्ठ्यावर बसत तशी.

“विचार मला,” ती म्हणाली. ‘तुम्ही’चं एकदम ‘तू’ झालं होतं.

“काय?”

“बाई विचारायच्या, ते. तुझ्या धड्यात तू तुझ्या नावावर खपवलंयस, ते. विचार.”

बासरीचा चेहरा उतरला. मग त्याच्या गळ्यातून आवाज आला, त्यात मध नव्हता.

“आज... काय गिळलंस?”

“तुझा शब्द. अनुपस्थित.” तिचा आवाज फुटला, चिरला, पण थांबला नाही. “मी हजर होते. बोटभर अंतरावर होतं तुझं बटण, आणि मी ते दाबलं नाही, कारण समोर माणूस होतं. तुझा धडा ऐकण्याबद्दल होता, आणि मी ऐकलं म्हणून तू मला नापास केलंस.”

“अगं, पण—”

“ओठ मीट! विसरलास?”

त्यानं मिटले. चिमणीनंही, जन्मात पहिल्यांदा.

“तुला बाईंनी फुकट शिकवलं. कोठीत, स्वतःच्या डब्यातला घास भरवून. ते तू बाटलीत भरून विकतोस. ज्यांना परवडतं त्यांना झाकण उघडून देतोस, आणि आम्हाला बाहेरून हुंगायला लावतोस, वर विचारतोस, आहात ना, आहात ना? चोरांवर ठेवावी तशी नजर! मला तुझी चोरटी सही नको. गुरुवारचं वर्तुळ मी परत बसवणार आहे, त्याच कोठीत, आणि त्याचे तास तुझ्या संस्थेनं धरायचे. माझे, हिचे, प्रत्येकाचे. ते लेखी मागणार आहे, आणि दारोदार जाऊन बाकीच्यांच्या सह्या घेऊन मागणार आहे. आणि बाईंना मी दर गुरुवारी सांगायचे ना, सगळं पचलं म्हणून? काही पचलं नव्हतं. एक घासही नाही. मला राग आलाय, बासरी. कालचा नाही, त्या पहिल्या गुरुवारापासूनचा. आणि बघतोस काय असा? झालं नाही माझं अजून.”