डावीकडचा बोल्ट

“तोंडावर ब्रेक नको,” आर्विड म्हणाला, आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

तोवर कागद निम्मा भरला होता. लांब पल्ल्याची शिकारी बंदूक, सहाशे यार्डांवरचा एल्क, म्हणजे घोड्याएवढं ते हरीण, पडला पाहिजे. नळी चोवीस इंच. दुर्बिणीसकट वजन साडेसात पौंडांच्या आत. इतक्या हलक्या बंदुकीच्या नळीला पुढे ब्रेक बसवला की खांद्याला बसणारा धक्का निम्म्यावर येतो. दोन्ही गुडघे बदललेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तो नको का असावा, हे मला कळेना.

“आवाज फार होतो त्याचा,” तो म्हणाला. “शेजारच्याचे कान जातात.”

“शेजारी कोण असणार आहे?”

त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली, मग पुन्हा डोक्यावर चढवली. चौतीस वर्षं त्याने काउंटीचा ग्रेडर चालवला. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे, हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ ढकलायचा. त्या यंत्राने त्याचे कान खाल्ले होते, म्हणून तो प्रश्न ऐकूनही न ऐकल्यासारखं करू शकत असे आणि कुणी हरकत घेत नसे.

बायको, इंगा, सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर तो तीन हंगाम एकटा शिकारीला गेला आणि नंतरचे तीन गेलाच नाही.

*

कागदावरची ओळ:

वजन: ~~नऊ पौंड~~ साडेसात पौंड

खोडलेलं माझं आहे. लांब मारायचं तर बंदूक जड हवी, जड बंदूक हलत नाही, हे मी त्याला समजावलं होतं. शिवाय त्याला ती वाहायची कुठे होती? त्याच्या मनात होता तो कड्याचा माथा, जिथे पिकअप थेट वर जाते. दार उघडायचं, दहा पावलं टाकायची, आडवं पडायचं, दरीपलीकडच्या उतारावर नेम धरायचा. लांब पल्ला त्याला हौस म्हणून नको होता. त्याचे पाय तेवढेच उरले होते.

मग मी ते विचारलं जे आमच्याकडे कुणीही विचारील. दरीपलीकडे पाडलेलं जनावर आणायला दरी उतरून जावं लागतं, मांसाच्या चार भागांसाठी चार वेळा. जिथे पाय पोचत नाहीत तिथे गोळी पोचवायची नाही, हे आमच्यात बापाने पोराला पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं.

“पलीकडे जाणार कोण, आर्विड?”

“जिची बंदूक आहे ती,” तो म्हणाला. “म्हणून हलकी हवी.”

*

दस्त्याची लांबी: १३ इंच

हे माप तो घरून घेऊन आला होता, लाकडी पट्टीवर पेन्सिलीची खूण करून. चापापासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतची ही लांबी माणसागणिक बदलते. कोपर दुमडायचं, कोपराच्या खळग्यापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं, की अंदाज येतो. आर्विडचे हात फावड्याएवढे आहेत. त्याला चौदाच्या पुढेच लागेल.

“हे कुणाचं माप?”

“मारिटचं.”

“कधी घेतलंस?”

मारिट, त्याची मुलगी, पंधरा वर्षांची असताना त्याने घरातल्या जुन्या रायफलीचा दस्ता करवतीने कापून तिच्यासाठी आखूड केला होता. खूण त्या दस्त्यावरून उतरवली होती. मारिट आता एकेचाळीस वर्षांची आहे. टॅकोमाच्या बंदरात क्रेन चालवते, जहाजांवरचे डबे उचलते.

“पंधराव्या वर्षानंतर मुली वाढतात का रे?” त्याने मला विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

मला मुलं नाहीत. मी म्हटलं, “फोन लाव आणि विचार.”

*

त्या दिवसाबद्दल गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही, कारण त्यात आर्विडची चूक होती असं कुणालाच वाटत नाही.

मारिटचा तो पहिला एल्क, त्याच पंधराव्या वर्षी. तोच कडा, तीच दरी, पण तेव्हा आर्विडला चालता येत होतं आणि ते दोघं पलीकडे उतरले होते. तिची पहिली गोळी मागे लागली, पोटात. दुसरी मारायला तिला वेळ लागला, आणि तेवढ्यात जनावर झाडीत गेलं. आर्विड तिला बोलला. काय बोलला ते त्याने कधी सांगितलं नाही. रक्ताच्या थेंबांवरून दोघं गेले, तिने तिसरी गोळी घातली, एल्क पडला. तोवर बर्फ पडू लागला होता. सकाळचे अकरा वाजले होते. आर्विड वर गाडीपाशी गेला तर काउंटीचा रेडिओ त्याला बोलावत होता. शाळेची बस घाटात अडकली होती, रस्ता उघडायला ग्रेडर हवा होता.

तो परत खाली आला, तिला सुरी दिली, शेजारचा लुंड त्याचा घोडा घेऊन येईल म्हणाला, आणि गेला.

लुंड चार वाजता पोचला. तेवढ्या वेळात तिने एकटीने कातडं सोलून, मांसाचे चार भाग करून, ते झाडाला टांगून ठेवले होते आणि ती त्यांच्याखाली बसली होती. रडली नव्हती, असं लुंड सांगायचा. मांस चांगलं निघालं. आर्विड रात्रभर रस्ते उघडत होता. त्याच्या घराचा रस्ता यादीत नेहमी शेवटचा असे, कारण लोकांनी काही म्हणू नये.

पुढच्या शरद ऋतूत मारिट म्हणाली, मला व्हॉलिबॉल आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही होतं.

*

फोन त्याने माझ्या दुकानातूनच लावला. घरून लावता आला असता, पण घरी तो एकटा असता.

मी लेथपाशी जाऊन उभा राहिलो. त्याचा काही उपयोग नव्हता. दुकान एका खोलीचं आहे आणि आर्विडचा फोन नेहमी पूर्ण आवाजात असतो.

आधी हवेबद्दल झालं, दोन्हीकडच्या. मग त्याने ऑक्टोबरचं विचारलं आणि ती म्हणाली, रजेचा अर्ज दिलाय, आठ दिवस मिळतील बहुतेक. म्हणजे ती यायची होती. हे मला तेव्हा कळलं, आणि ब्रेक, वजन, दस्ता, सगळं एकदम जागेवर बसलं. हंगाम साडेतीन महिन्यांवर होता. मी मनातल्या मनात दिवस मोजले. ॲक्शन, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे होतो तो बंदुकीचा गाभा, माझ्याकडे फळीवर तयार होता. नळी तीन आठवड्यांत आली असती. जमत होतं.

आर्विडने कोपरापासून बोटापर्यंतचं माप मागितलं. कशाला, ते त्याने सांगितलं नाही. पण लहानपणापासून बापाबरोबर डोंगर हिंडलेल्या मुलीला ते सांगावं लागत नाही.

मग ती म्हणाली, “कुठल्या हाताचं?”

“ज्याने चाप ओढतेस त्याचं.”

“तुम्ही शिकवलात तो, की माझा?”

आर्विडने माझ्याकडे पाहिलं. मी लेथकडे पाहिलं.

“बाबा, मी डावखुरी आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. मग म्हणाला, “म्हणजे पाहिलं होतं. तुला लिहिताना.”

“हो.”

“घरात रायफल उजवीच होती.”

“हो, बाबा. तीच होती.”

ती रागावून बोलत नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं. शिफ्ट सुरू होतेय, माप पाठवते, असं म्हणून तिने फोन ठेवला. आर्विड काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा होता. जरा वेळाने त्याने डावा हात उचलला, डाव्या खांद्याशी रायफलीच्या चापावर असल्यासारखा धरला, आणि तोच हात दुर्बिणीच्या वरून पलीकडे नेऊन उजव्या बाजूचा बोल्ट ओढून पाहिला. जमत नाही ते. नजर दुर्बिणीवरून हलते, कोपर उचलतं, सगळा नेम मोडतो. डावखुऱ्या माणसाला उजवी रायफल दिली की एक तर असं करावं लागतं, नाही तर उजव्या खांद्यावर घेऊन परक्या डोळ्याने नेम धरावा लागतो, आणि मग पहिली गोळी मागे लागते, दुसरीला वेळ लागतो.

त्याने तो हात तीनदा तसा नेला.

“मी तिला बोललो होतो,” तो म्हणाला.

*

ॲक्शन: ~~उजवी~~ डावी

हे खोडलेलं त्याचं आहे. पेन्सिल माझ्या हातातून घेतली. मी त्याला सांगितलं की डावी ॲक्शन माझ्याकडे नाही, कुणाकडेच पडून नसते, मागवावी लागेल. कारखाना डाव्या ॲक्शन वर्षातून एकदाच करतो. नाताळनंतर येईल. मग जोडणी. मे महिना.

“आणि ती ऑक्टोबरात येतेय,” मी म्हटलं. “आत्ता उजवी बनवू. तिला सवय आहे. डावी मग बनवू सावकाश. लेका, माणूस येतंय ते बघ, बोल्ट काय बघतोस?”

हे मी आजही म्हणेन. बरोबर होतं ते.

“सवय नाहीये तिला,” आर्विड म्हणाला. “मी लावली होती.”

*

सातव्या दिवशी पाकीट आलं. त्याने ते दुकानात आणून फोडलं. आत पत्र नव्हतं. एक दोरी होती, मासे धरायची असते तसली हिरवी, एका टोकाला गाठ मारून मापाला कापलेली. आर्विडने पाकिटात फुंकर मारून पुन्हा आत बघितलं.

मी दोरी पट्टीवर धरली. तेरा इंच आणि एक रेघ.

“वाढली नाही फारशी,” तो म्हणाला.

बंदूक मेमध्ये होणार हे त्याने तिला कळवलं. ती म्हणाली, मग पुढच्या वर्षी बघू. हे त्याने मला कॅफेत सांगितलं, अंड्यांवर मिरपूड घालताना, हवापाणी सांगावं तसं. ऑक्टोबर आला. मी त्याला म्हटलं, चल, माझ्या रायफलीने एखादं हरीण तरी मारू. तो म्हणाला, गुडघा दुखतोय. पहिल्या दिवशी त्याची पिकअप कड्यावर दिसली होती, असं दोघातिघांनी सांगितलं. बंदूक नव्हती त्याच्याकडे. तो गाडीतच बसून होता, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर.

*

मे.

बंदूक चांगली झाली. मी फार बंदुका केल्या आहेत, म्हणून एवढंच म्हणतो.

दुर्बीण आणि नळी एका ठिकाणी बघतायत की नाही हे गोळ्या झाडून जुळवावं लागतं. ते माझं काम आहे. आर्विडने ते करू दिलं नाही. दर गुरुवारी तो गावामागच्या मैदानात जायचा, तिथल्या टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवायचा आणि डाव्या खांद्याने पाच गोळ्या झाडायचा. पंचाहत्तराव्या वर्षी डाव्या हाताने. पहिल्या आठवड्यात पाचांपैकी दोन कागदालाही लागल्या नाहीत.

दस्ता त्याला दीड इंच आखूड होता. मान पुढे यायची, डोळा दुर्बिणीला जवळ यायचा, आणि ब्रेक नसलेली ती हलकी बंदूक मागे आली की दुर्बिणीची कड भुवईत घुसायची. तिसऱ्या गुरुवारी सकाळी दोन गोळ्या झाडून तो कॅफेत आला तेव्हा डाव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी खोक होती, टिशूचा कपटा चिकटवलेला. आमच्याकडे ती नवशिक्याची खूण मानतात.

गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या गॉर्डीला असली संधी वर्षभर पुरते. “साठ वर्षं शिकार करतोय म्हातारा,” तो सगळ्या टेबलांना म्हणाला, “आणि दुर्बीण चावली. अरे, कुणीतरी याला लहान मुलांच्या वर्गात घाला.”

लोक हसले. आर्विडही हसला. मी त्याला आदल्या आठवड्यातच दस्त्यावर चढवायची रबरी टोपी देऊ केली होती, इंचभर लांबी वाढते, पुढे काढून टाकता येते. त्याने घेतली नव्हती.

“माझ्या मापाची नाहीये ती,” तो गॉर्डीला म्हणाला, आणि कॉफी संपवली.

तो उरलेल्या गोळ्या झाडायला परत गेला, आणि संध्याकाळच्या आधी मी मैदानात गेलो, त्याला घरी सोडावं म्हणून, कारण त्या डोळ्याने गाडी चालवणं बरं नव्हतं. लांबूनच दिसला. पाचही गोळ्या झाडून झाल्या होत्या. बंदूक पिशव्यांवर होती, रिकामी, बोल्ट मागे ओढलेला, डावीकडे. आर्विड नेम धरायच्या स्टुलावरून उठून शेजारच्या दुसऱ्या स्टुलावर जाऊन बसला होता, जिथे सोबतीचा माणूस बसतो आणि गोळी कुठे लागली ते सांगतो. मोठी दुर्बीण डोळ्याला लावून तो कागदाकडे बघत होता.

मी त्याच्या मागे पोचलो, पण त्याच्या कानांना चाहूल लागली नाही. तो हळूच म्हणाला, त्या रिकाम्या स्टुलाकडे किंचित मान कलवून, एक बोट वर करून: जरा उजवीकडे.