हॅस्किटसाहेबांचा पेन

“या पेनाला तोंड आवरता येत नाही. नवा पांढरा शर्ट गेला माझा,” देवदत्त पुटपुटले. मी त्यांच्याच खिशात होतो, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

मित्रांनो, मी एक जुना शाईचा पेन आहे. वय शंभराच्या पुढे, तरी त्या सकाळी मी अगदी उतावीळ झालो होतो. तोक्योत, ओजिमाच्या आमच्या वसाहतीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि पहिल्याच टेबलावर मी बसणार होतो.

माझा जन्म अमेरिकेतला. लोहाराचा मुलगा वेंडेल हॅस्किट तिथल्या एका राज्याच्या विधानसभेवर निवडून आला, त्या दिवशी गावाने मला त्याच्या खिशाला लावलं. काय धावपळीचे दिवस होते ते. साहेब घोडागाडीतून हिंडून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे आणि मी लिहायचो. या ओढ्याला पूल, त्या शाळेला शेगडी. पूल झाले, शेगड्या पेटल्या. भाषणात साहेब मला हवेत नाचवायचे, तेव्हा पुढच्या बाकावरचे आमदार शाईच्या भीतीने मागे सरकायचे.

साहेबांचे शेजारी मोरी हे जपानी शेतकरी. दर उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन यायचे. पुढे ते शेत सोडून मायदेशी निघाले, तेव्हा बंदरावर साहेबांनी मला त्यांच्या हातात कोंबलं.

मग मी कितीतरी वर्षं एका खणात वाळत पडलो. त्या मोरींचे नातू, एक्क्याऐंशी वर्षांचे मोरी-सान, म्हणजे मोरीजी, देवदत्तांच्या मराठी कुटुंबाच्या शेजारी राहतात. त्यांनी मला प्रदर्शनासाठी देवदत्तांच्या मुलीकडे, नंदिनीकडे दिलं. पोरीने तीन दिवस माझी निब कोमट पाण्यात धुतली, नवी शाई भरली आणि जपानीत कार्ड लिहिलं: ‘आमदार हॅस्किट, जपानी शेतकऱ्यांचे मित्र.’

आणखी माहिती शोधताना तिची आई अनघा कॉम्प्युटरसमोर थबकली. जपान्यांकडे शेतजमीन राहू नये अशा कायद्याच्या मसुद्यावर साहेबांची सही होती.

“मोरी-सानना सांगायचं?” तिने देवदत्तांना विचारलं.

“या वयात? प्रदर्शन होऊ दे आधी. आणि नंदूला पण कळायला नको,” देवदत्त म्हणाले.

“बाबा, मला इंग्लिश वाचता येतं,” नंदिनी दारातूनच म्हणाली.

ती सही मीच केली होती. निवडणूक जवळ आली होती, साहेबांना खुर्ची हवी होती. दोन वर्षांनी ती गेलीच.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. धुवा, पुसा, शाई भरा. पण आमचं सगळं ऐकून घ्या, गोड तेवढंच नको.

मोरी-सान हॉलमध्ये आले. चष्मा लावून त्यांनी कार्ड वाचलं. अनघाने घाईने चहा पुढे केला. देवदत्त हवेबद्दल बोलू लागले. नंदिनी स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली.

मोरी-साननी मला उचललं, टोपण काढलं आणि मला नंदिनीच्या हातात दिलं.

“नंदिनी-चान, खाली एक ओळ राहिली,” ते सावकाश म्हणाले. “मी तुझ्याएवढा होतो तेव्हा आजोबांनी सांगितली होती. लिही. आमची जमीन याच पेनाने गेली.”