तू घेतलीस का?

जळकोटच्या चैतालीला आठवा महिना लागला होता, तरी आशाताई म्हणून दारोदार फिरणं काही सुटलं नव्हतं. जुलैत वरून निरोप आला, की आता गरोदर बायांनाही कोरोनाची लस द्यायची. तिच्या यादीत अशा नऊजणी होत्या. पहिलंच घर पाच महिन्यांच्या गरोदर राजेश्वरीचं. तिच्या सासूनं, उमाबाईंनी, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं,

"जानेवारीत पोटुशी बाईला द्यायची न्हाय म्हणत होता. आता द्या म्हणता. तू घेतलीस का?"

चैताली 'येते काकू' म्हणत उठली. तिनं घेतली नव्हती. तिचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हापासून साधी गोळी घ्यायची म्हटलं तरी तिचा जीव घाबरा होई. लोकांना एक सांगायचं आणि आपण दुसरंच करायचं, हे तिला लई लागलं.

दुसऱ्या दिवशी ती उपकेंद्रात गेली आणि इतर बायांसारखी बाकावर बसली. नंबर आल्यावर मनातली भीती तिनं सिस्टरला सांगून टाकली. सिस्टरनं घाई केली नाही. जानेवारीत गरोदर बायांबद्दल पुरेशी माहितीच नव्हती, ती म्हणाली. त्यानंतर हजारोजणींनी घेतली, बाळांना धोका दिसला नाही. दुसऱ्या लाटेत मात्र दोन गरोदर बायांना तिनं स्वतः ऑक्सिजन लावून सोलापूरला पोचवलं होतं. त्यातली एकच परत आली.

चैतालीनं बाही वर केली.

संध्याकाळी ताप भरला, अंग ठणकलं. सकाळी ताप उतरला आणि बाळानं नेहमीसारखी लाथ मारली, तेव्हा तिला रडूच आलं.

तशीच ती उमाबाईंकडं गेली. काही लपवलं नाही. तापही सांगितला, भीतीही.

"काकू, परवा तुमच्यापुढं बोलायला मला तोंड नव्हतं," ती म्हणाली. "म्या काल घेतली."

उमाबाई काही म्हणायच्या आत राजेश्वरीच पुढं झाली. "ताई, सोमवारी मला संगं न्या. आत्या, तुम्हीबी चला, तुमचा दुसरा डोस राहिलाय."

उमाबाईंनी सुनेकडं पाहिलं आणि मान हलवली.

महिनाअखेर नऊपैकी सहाजणी आल्या. दोघी बाळंतपणानंतर बघू म्हणाल्या, एक माहेरी गेली. चैतालीनं कुणावर जोर केला नाही. सप्टेंबरात तिला पावणेतीन किलोची मुलगी झाली. राजेश्वरी बाळाला बघायला आली, ती आपल्या दुसऱ्या डोसची तारीख विचारूनच परत गेली.