खारीच्या टोपलीतले शब्द

"पोरीला आठवड्यातून एकदा तरी समोर बसव आणि कागदावरचं वाचून घे," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. "फोनवरचं नको. कागदावरचं, मोठ्यानं."

जाऊबाई एका छापखान्यात पुस्तकं बांधतात. बोटांना कायम खळ, आणि बोलता बोलता ती टेबलाच्या कडेला खरवडायची सवय. मी तेव्हा वाचन शिकवणाऱ्या ॲपांच्या माझ्या तक्त्यात चौदावं ॲप भरत होते. मान वर न करताच म्हणाले, "ताई, धंद्याची जाहिरात करताय होय?"

"कर बाई थट्टा. तू प्रोफेसरीणबाई, मी आपली चिकटवणारी."

दोघी हसलो आणि विषय तिथंच राहिला.

शाळेची इमारत धोकादायक ठरली होती. दुसरी जागा मिळेपर्यंत मुलांनी घरीच शिकावं असं पत्र आलं. त्यात 'काही महिने' असं लिहिलं होतं, त्याचं दीड वर्ष झालं. माझी मुलगी तेव्हा नुकती दुसरीत गेलेली. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. ती एका जागी बसली, तर अंगाला हात लावून ताप बघावा लागायचा. शाळेतून आठवड्याला एक फोन यायचा, बाकी सगळं आईबापांवर.

मी घरूनच काम करते, एका कुरिअर कंपनीचे फोन घेते. दिवसभर "आपलं पार्सल वाटेत आहे" म्हणायचं. माझ्या कानाला हेडफोन, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भिंगरीच्याही कानाला हेडफोन. आम्ही मायलेकी एका खोलीत, पण कोण काय ऐकतंय याचा एकमेकींना पत्ता नाही.

दिसेल ते ॲप पोरीच्या हातात द्यायचं, असली आई मी नव्हते. चौदा ॲप स्वतः वापरून पाहिली. जाहिराती येतात का, आवाज कसा आहे, इंटरनेट गेलं तर चालतं का, मूल भलतीकडे जाऊ शकतं का, आईला अहवाल येतो का, असे रकाने पाडले आणि चांदण्या दिल्या. खारीचं ॲप पहिलं आलं. मुलानं शब्द वाचला की खार एक दाणा उचलून टोपलीत टाकते. रविवारी अहवाल येतो.

पहिल्याच आठवड्यात 'प्रश्न' या शब्दापाशी भिंगरी अडली. अडली ती अशी की फोन उलटा ठेवून हमसून हमसून रडायला लागली. माझ्या कानात एक गिऱ्हाईक हरवलेल्या पार्सलवरून ओरडत होतं. मी एका हातानं तिचा फोन घेतला, सेटिंगमध्ये गेले आणि 'मदत' सुरू केली. म्हणजे शब्दावर बोट दाबलं की खार तो शब्द बोलून दाखवते. आठवडाभर राहू दे, मग बंद करू, असं ठरवलं.

ते बंद करायचं राहून गेलं.

खारीनं बोललेला शब्दही टोपलीत जातो, हे मला माहीत नव्हतं. चौदा ॲपांच्या तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. रविवारी अहवाल यायचा: या आठवड्यात ४१२ शब्द वाचले. मग ५३०. मग सोनेरी टोपली. संध्याकाळी भिंगरी बाबाला गोष्ट वाचून दाखवायची. तो मुद्दाम तिचे हेडफोन काढून ठेवायचा, तरी ती घडाघडा म्हणायची. आठ ओळींची गोष्ट, दिवसभर ऐकलेली. तिला ती पाठ होती.

"अगं, ही तर आपल्यापेक्षा जोरात वाचते," नवरा म्हणाला.

"कुणाची मुलगी आहे!" मी म्हणाले.

माझा तक्ता इमारतीच्या ग्रुपवर गेला. बायका जिन्यात थांबवून आभार मानायच्या. एके दिवशी तळमजल्यावरचा चावीवाला वर आला, मागे त्याची लेक. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, गळ्यात दोऱ्याला अडकवलेली, अजून खाचा न पाडलेली एक कोरी चावी.

"मॅडम, ते खारूताईचं हिच्यासाठी टाकून द्या. आमच्यात वाचणारी ही पहिलीच. माझ्या टपरीची पाटी हीच लिहिणार आहे."

"काय लिहिणार गं पाटीवर?" मी विचारलं.

"बाबांचं नाव. आणि खाली 'कुलूप फोडणार नाही, उघडून देऊ'," ती म्हणाली, आणि बाप लाजला.

मी त्याच्या फोनवर ॲप टाकून दिलं. मूल रडू नये म्हणून 'मदत'ही मीच सुरू करून दिली. वर सल्ला दिला, "हे बटण असंच राहू द्या हं."

मग शाळेला जागा मिळाली. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक पान वाचायला दिलं. आम्ही पालक मागे बाकांवर. भिंगरीनं पान हातात घेतलं आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बाईंना वाटलं, बोट ठेवून वाचणार आहे. ती वाट बघत राहिली. तिनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, जरा जोरात दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि मी खाली मान घातली. तिच्याकडे बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

आता ती पहिलीच्या वर्गात बसते. नऊ पूर्ण होतील. गुडघे बाकाखाली मावत नाहीत, म्हणून तिरकी बसते. मी 'मदत' बंद केली, मग ॲपच काढलं. जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाल्या नाहीत. छपाईत बाद झालेले कागद आणून दिले फक्त. रोज संध्याकाळी तासभर आम्ही बसतो. चार महिने झाले. अक्षर अक्षर लावत ती शब्दाच्या शेवटी पोचते, तोवर सुरुवात विसरलेली असते. बऱ्याचदा तोंडच उघडत नाही.

"वेळ लागेल," बाई म्हणतात. किती, ते सांगत नाहीत. मी आता विचारतही नाही. भिंगरी हल्ली तासन् तास एका जागी बसते, आणि मी जाऊन कपाळाला हात लावते. ताप नसतो.

ग्रुपवर मी सगळं लिहिलं. चार घरांत आमच्यासारखंच निघालं. एकीनं विचारलं, "तुमच्या तक्त्यावर भरवसा ठेवला तो आमचा गाढवपणा का?" एरवी जिन्यात थांबवणाऱ्या आता वाट देतात.

चावीवाल्यानं काहीच उत्तर दिलं नाही. मग आठवलं, त्याला वाचता येत नाही. खाली धावले, तर खोलीला दुसऱ्याचंच कुलूप. महिन्यापूर्वीच ते गेले होते, कुठं ते कुणाला ठाऊक नाही. फोन लागत नाही. गेले काही आठवडे सुट्टीच्या दिवशी मी वेगवेगळ्या रस्त्यांवरच्या टपऱ्या बघत फिरते. निघताना नवऱ्याला भाजीला चालले म्हणून सांगते.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या कोपऱ्यावर इतक्यात कुणी नवा चावीवाला बसायला लागला असेल, तर जरा थांबा. पाटीवर नुसतं चावीचं चित्र आहे का, बघा. शेजारी एक मुलगी असेल. दात आता आले असतील, त्यावर जाऊ नका. गळ्यात कोरी चावी आहे का, ते बघा. तिच्यापुढे एखादा कागद धरा, कुठलाही चालेल. ती शब्दावर बोट दाबून वाट बघायला लागली, तर तिला काही बोलू नका. बापाला बाजूला घ्या आणि ते बटण बंद करायला सांगा. चिठ्ठी देऊ नका. तोंडानं सांगा.