जास्वंदीच्या रिबिनीखाली

मिस्सा संपल्या संपल्या अख्खं वटार गाव बॅप्टिस्टच्या वाडीत लोटलं. एव्हरशाईन सिटीतले फ्लॅटवालेही गाड्या काढून आले. मांडवात जीनगुरूंनी महिन्यापूर्वी आणून ठेवलेली कुंडीतली जास्वंद होती. गेल्या रविवारपर्यंत तिला फक्त लाल फुलं यायची. आज एका फांदीवर पिवळंधमक फूल! बाया हात जोडत होत्या, पोरं मोबाइल उंचावत होती.

"झाडाला आठवण असते!" जीनगुरू प्रबोधजी माइकवर गरजले. "डीएनएवर मिथाइलचे शिक्के असतात. मी मंत्रानं शिक्का पुसला, झाडाला पणजीचा पिवळा रंग आठवला! हेच स्मरणजल केळीला घाला. रोग विसरून जाईल ती!"

मागे उभ्या बॅप्टिस्टच्या लेकीच्या, स्टेफीच्या अंगाचा तिळपापड झाला. झाडांमधल्या त्याच मिथाइलच्या खुणांवर तिनं प्रयोगशाळेत सहा वर्षं घासली होती, आणि तिचाच मासिकातला लेख हा भामटा हातात नाचवत होता. इकडे महिन्यापूर्वी पप्पांच्या केळीच्या सहा बेटांना पर्णगुच्छाचा विषाणू लागलेला. मावा ही कीड तो झाडाझाडांवर नेते. रोगट बेटं उपटण्याखेरीज इलाज नाही. पण बॅप्टिस्ट महिनाभर स्मरणजल शिंपत बसला होता.

स्टेफी पुढे झाली. "खुणा खऱ्या आहेत. उन्हाचा, दुष्काळाचा ताण पडला की त्या बदलू शकतात. काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात. पण मंत्र ऐकायला झाडाला कान नाहीत! आणि विषाणू म्हणजे आठवण नव्हे. तो बाहेरून येतो."

"ऐकलंत? खुणा खऱ्या आहेत, मॅडम स्वतः म्हणाल्या!" गुरू हसले. टाळ्या पडल्या.

"एवढी शिकलीस बाय, पण समोरचं फूल दिसत नाय तुला?" शेजारची आल्बिना आंटी म्हणाली.

स्टेफीला रडूच यायचं बाकी होतं. समजावायचं तरी कसं या लोकांना? तिनं फुलाकडे रागानं पाहिलं, आणि नजर फांदीच्या बुडाशी अडली. तिथं निळी रिबीन घट्ट गुंडाळलेली, वर छोटा क्रूस.

"ही कशाला?"

"संरक्षण! नऊ शुक्रवार सोडायची नाही," गुरू म्हणाले.

क्रूस पाहून महिनाभर कुणी बोट लावलं नव्हतं. गुरूनं गाव बरोबर ओळखलं होतं.

"पप्पा, तुम्ही नुसतं चाचपून बघा."

बॅप्टिस्टनं चाळीस वर्षं चिकूची, आंब्याची कलमं बांधली होती. बोटं रिबिनीवर टेकली आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं क्रूस काढला, चुंबन घेऊन खिशात ठेवला आणि रिबीन सोडली.

"पाचर कलम," तो म्हणाला. "लाल झाडावर पिवळीची काडी."

"मग आधी पिवळं फूल का नाय आलं?" आल्बिनानं विचारलं.

बॅप्टिस्टनं फांदीवरचे सुकलेले देठ दाखवले. "यानं गुपचूप कळ्या खुडल्यावर फूल येईल कुठून?"

"स्पर्शानं कंपनं बिघडली!" गुरू ओरडले. मांडवात हशा पिकला. स्टेफी मात्र हसली नाही. वाडीत आता सहाच्या जागी चाळीस बेटांचे शेंडे रोगानं आखडले होते.

बॅप्टिस्ट तिच्याकडे वळला. "कलम ओळखायला मला क्षण नाय लागला, बाय. मग महिनाभर हात का नाय लावला मी?"

"विचारलंच नाहीत, पप्पा. मी ओरडत होते, तरी विचारलं नाहीत."

बॅप्टिस्टनं गुरूच्या हातातला माइक काढून घेतला.

"हसू नका. हे पाणी घालून माझ्यासारखं कोण कोण गप्प बसलं? घरी जा, केळीची पानं उलटून मावा बघा. रोगट बेट आजच उपटा. आणि पुन्हा कुणी म्हणालं, याला हात लावू नका, तर पहिला हात तिथंच लावा."