कॅमेऱ्यापुरते हात

माझ्या हातांना कामावरून काढलं ते एका मंगळवारी, सकाळच्या चहानंतर. काढणारे आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर. माणूस सभ्य, त्यामुळे आधी थोडी स्तुती केली.

"वहिनी, काम तुमचं एक नंबर आहे," मोबाइल माझ्यापुढे धरत ते म्हणाले. "पण हे हात बघा."

मी बघितले. बावीस वर्षं पुस्तकं बांधून वापरलेले हात होते. अंगठ्याचं नख प्रेसमध्ये सापडून काळं पडलेलं, तर्जनीवर दाभण घुसल्याची खूण, पेरांवर खळीने पडलेल्या भेगा. मला तरी त्यांत काही वावगं दिसलं नाही.

"लोक व्हिडिओ बघताना तीन सेकंदांत पुढे सरकतात," भावजी म्हणाले. "आपल्याला लोकांना थांबवणारे हात पाहिजेत."

"मग चौकातल्या पोलिसाचे आणा की."

भावजी हसले नाहीत. मागच्या वर्षी त्यांनी छोट्या व्यवसायांना मोठं करण्याचा तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला, तेव्हापासून ते विनोदाला हसत नाहीत, फोनमध्ये त्याची नोंद करून घेतात. कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. ते पुठ्ठ्यावर चिकटवून, कडेने कापड लावून मीच दिलंय. मला कामावरून काढायचा परवानासुद्धा माझ्याच हातचा, बघा.

घराची रस्त्याकडची खोली हेच माझं दुकान. मधोमध माझ्या बाबांची, पुस्तकं दाबायची लोखंडी प्रेस. लग्नात चार माणसांनी ती उचलून आणली, तेव्हा सासरच्या लोकांना वाटलं तिजोरीच आली. बाबांनी मला बांधणी शिकवली, आणि त्यांच्यामागे मी ती चालवली. पूर्वी वाचनालयांची फाटकी पुस्तकं यायची, कॉलेजचे प्रबंध यायचे. आता प्रबंध फाइलमधून जातात आणि वाचनालयात लोक चार्जिंग करायला बसतात. म्हणून मी हाताने शिवलेल्या वह्या, डायऱ्या, चित्रांच्या वह्या करायला लागले. त्या घ्यायला लोक फोनवरूनच येणार, एवढं मलाही कळत होतं. मी हेकट आहे, वेडी नाही.

हात शोधायला भावजींना लांब जावं लागलं नाही. वरच्या मजल्यावरच होते. आमची धाकटी नणंद, घरात सगळे तिला राणी म्हणतात. हे नाव कौतुकाने ठेवलं होतं, पण तिने ते फारच मनावर घेतलं. वय एकोणतीस, शिक्षण भरपूर, नोकरी 'बघू', आणि घरातली काडी इकडची तिकडे केल्याचा एकही पुरावा नाही. हात मात्र असे, की चहाचा कप धरला तरी कपाची जाहिरात वाटावी.

तर शूटिंग सुरू झालं. मी शिवायला बसायची. दोरा निम्मा ओढून झाला की भावजी ओरडायचे, "थांबा!" मी दाभण तशीच हवेत धरून खुर्चीतून उठायची, राणी खुर्चीत बसायची, दाभण हातात घ्यायची आणि उरलेला दोरा ओढायची. हळू. करंगळी वर. एका टाक्याला तीन वेळा. मग मी परत बसून उरलेलं पुस्तक करायची, पण तेव्हा कॅमेरा चार्जिंगला असायचा.

शूटिंगच्या आधी राणी हाताला क्रीम लावायची. तिचं बोट जिथे टेकेल तिथे कोऱ्या कागदावर तेलकट डाग. मी तिला काही बोलले नाही. बोलायचं कशाला? तिला कुठे पुस्तक बांधायचं होतं! ती गेली की मी मुकाट्याने कागद बदलायची.

आणि लोक थांबायला लागले हो. भराभर थांबले. 'काय नाजूक काम!' 'ताई, तुमच्या हातात जादू आहे!' जादू होतीच. बाई फक्त दोरा ओढते आणि मागे आख्खं पुस्तक तयार होतं, याला दुसरं काय म्हणणार?

मजकूर लिहायलाही भावजींकडे एक अ‍ॅप होतं. चार शब्द टाकले की ते चाळीस ओळी देतं. त्याने राणीच्या तोंडी लिहिलं, 'बालपणापासून कागदाचा सुगंध माझ्या श्वासात आहे. माझी पणजी कंदिलाच्या उजेडात ग्रंथ शिवायची.' ह्या दोघांची पणजी निरक्षर होती, आणि राणीने बालपणी कागदाशी एकच संबंध ठेवला होता, गणिताच्या पुस्तकाची विमानं करण्याचा. माझ्या बाबांचा कुठे उल्लेख नव्हता.

"बाबांचं काहीतरी घाला ना," मी म्हणाले.

"फोटो आहे का? चांगल्या प्रकाशातला?"

नव्हता. बाबांनी जन्मभर खिडकीकडे पाठ करून काम केलं, कारण उजेड कागदावर पडायला हवा असतो, तोंडावर नाही.

आमच्या ह्यांना मी संध्याकाळी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तुझंही बरोबर आहे, त्याचंही बरोबर आहे." ह्यांना कुठल्याही कोर्टाने ठेवून घेतलं असतं, फक्त निकाल कधी लागला नसता.

तरी मी सगळं चालवून घेतलं. वह्या जात होत्या, प्रेस हलती होती. पण मग ते आमंत्रण आलं.

दर वर्षी इथे हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरतं. मधल्या दालनात एक चौथरा, त्यावर एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसून एक कारागीर दिवसभर लोकांसमोर काम करतो. एकच कारागीर. बाबा नुसतं 'ती खुर्ची' म्हणायचे. त्यांनी जन्मभर अर्ज केले. मी चार वेळा केला. दर वेळी 'आपल्या कलेविषयी आम्हांला आदर आहे' असं छापील पत्र. बाबांची आणि माझी सगळी पत्रं मी एकत्र शिवून ठेवली आहेत, कापडी पाठ लावून. चांगलं जाडजूड पुस्तक झालंय.

या वर्षी अर्ज न करताच बोलावणं आलं. राणीच्या हातांना.

बातमी वाचल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. "खुर्चीत मी बसणार," मी म्हणाले. "भावजी, ही एक गोष्ट मी सोडणार नाही."

"अहो वहिनी, लोक ते हात बघायला येणार! तुम्ही मागेच आहात ना. खळीचं भांडं धरायला कुणीतरी लागेलच." मग त्यांनी योजना सांगितली. टेबलाखाली एक शिवायला घेतलेलं पुस्तक, एक अर्धं, एक पूर्ण. राणी थोडा दोरा ओढेल, हसेल, आणि खालून पुढचं पुस्तक वर येईल.

राणी दारात उभी होती. मला वाटलं, खुशीत आहे.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. बसू दे तिला. कुणीतरी म्हणेलच, ताई, सुरुवातीपासून करून दाखवा. दाखव म्हणावं! शंभर लोकांसमोर दोऱ्याचा गुंता होऊ दे, आणि मी खळीचं भांडं घेऊन मागे स्वस्थ उभी राहीन. असा विचार करून मला दोन दिवस इतकी छान झोप लागली, की सांगायला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी मी निळं कापड शोधत होते. चांगलं कापड, वीतभर कमी झालं होतं. त्याआधी दोऱ्याचं रीळही लवकर संपलं होतं. खळीचं भांडं दुपारनंतर धुतलेलं सापडायचं, मी न धुता. आणि राणीच्या बोटाला पट्टी होती. विचारलं तर म्हणे, भाजी चिरताना लागलं. राणी आणि भाजी! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रद्दीच्या गठ्ठ्यांमागे सात वह्या सापडल्या. पाठीवर पेन्सिलीने आकडे. पहिली वही बघून मला हसू आलं, पानं एका बाजूला आणि पुठ्ठा दुसरीकडे तोंड करून. तिसरीला टाके होते, पण रागावून घातल्यासारखे. पाचवी उघडत होती. सातवीला माझं निळं कापड होतं.

बाबांची एक परीक्षा होती. पुस्तक एकाच पानाला धरून उचलायचं आणि झटकायचं. मी सातवी वही पहिल्या पानाला धरली आणि झटकली. शिवण जरा सैल होती, कोपरे ओबडधोबड, पण एक पान सुटलं नाही.

मी स्टुलावर बसले. आधी कापडाचा राग आला. मग रडू आलं, आणि मग त्या रडण्याचा राग आला. दुपारी मी घटकाभर आडवी व्हायची, तेव्हा ही पोरगी खाली उतरून एकटीच बोटं टोचून घेत होती. आणि मी तिचं शंभर लोकांत हसं व्हायची वाट बघत होते.

वह्या होत्या तिथे ठेवल्या. पण त्या संध्याकाळी शिवताना मी स्टूल थोडं फिरवून बसले, म्हणजे दारातून माझे हात दिसतील. आणि "दोरा वर नाही, वहीच्या पाठीलगत ओढायचा, नाहीतर कागद फाटतो," असं भिंतीला ऐकवलं. भिंतीला बावीस वर्षं हे माहीत होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भावजींनी घोषणेसाठी हातांचा जवळून फोटो घ्यायला फोन धरला, आणि किंचाळले.

"हे काय करून ठेवलंस!"

नखं कापलेली, बोटांवर टोचल्याच्या खुणा, पेरांना भेगा. अंगठ्याचं नख नुकतंच काळं व्हायला लागलं होतं. प्रेसचं काम, मी लगेच ओळखलं.

"काम करत होते," राणी म्हणाली.

"तुला काम करायला कुणी सांगितलं होतं?" भावजींनी कपाळाला हात लावला. "उद्या प्रदर्शन! एका दिवसात मी हात कुठून आणू?" त्यांनी खरोखरच दोन-तीन ओळखीच्या बायकांना फोन केले. शेवटी पांढरे सुती हातमोजे आणले. संग्रहालयात घालतात म्हणे, दर्जेदार दिसतं.

दुसऱ्या दिवशी राणी हातमोजे घालून त्या खुर्चीत बसली. मागे मी, खळीचं भांडं घेऊन. दालन भरलेलं, प्रत्येकाचा फोन वर. हातमोज्यांत दाभण धरवेना. दोरा सुताला अडकला, एकदा, दोनदा.

"अहो, ते मोजे काढा की!" पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. "हात बघायलाच तर आलोय."

भावजी मान जोरजोरात हलवत होते. राणीने मोजे काढले.

बाईंनी हातांकडे बघितलं, मग आपल्या फोनमधला व्हिडिओ लावला, परत हातांकडे बघितलं. "हे ते हात नाहीत," त्या म्हणाल्या. फसवणूक झाल्यासारखा आवाज. मागे कुजबुज सुरू झाली.

याच क्षणाची मी वाट बघितली होती, आणि तो आल्यावर मी खळीचं भांडं घेऊन एक पाऊल पुढे सरकले.

राणी उठली. "तेच आहेत," ती म्हणाली. "आता त्यांना थोडं काम येतं, एवढंच. ज्यांना सगळं येतं ते हे." आणि तिने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. "बस, वहिनी."

मी बसले. खुर्ची डगडगली. बाबांनी जन्मभर जिच्यासाठी अर्ज केले तिचा एक पाय आखूड होता! राणीने खाली वाकून पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून त्याखाली सरकवला. मग मी कोऱ्या कागदांपासून सुरुवात केली.

निम्मे लोक निघून गेले. त्या बाईही गेल्या. उरलेल्यांनी हळूहळू फोन खाली घेतले, कारण वही शिवायला वेळ लागतो आणि हात भरून येतात. चौथ्या टाक्यानंतर मी दाभण राणीकडे दिली. ती माझ्या शेजारी उभी राहून शिवत होती. करंगळी खाली होती.

भावजींनी तरीही सगळं टिपलं आणि संध्याकाळी टाकलं. माणसाला सवय. जेवणं झाल्यावर आम्ही तिघं दुकानात बसून बघत होतो. पहिलाच अभिप्राय आला, 'ताई, काम छान, पण दोघींनी हाताला काहीतरी क्रीम लावा हो.' त्याला भराभर बदाम मिळत होते.

"अ‍ॅपकडून छानसं उत्तर लिहून घेतो," भावजी म्हणाले.

"दे इकडे," म्हणत राणीने फोन घेतला आणि स्वतःच लिहिलं, "क्रीम लावलं की कोऱ्या कागदावर डाग पडतात."

मी तिच्याकडे बघितलं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.