शमूशेजारची जागा

“पाळकसाहेब, तिला सांगा, नाही म्हणून,” जमनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीनचं पायडल पुन्हा दाबलं. फाटक्या चादरीची कड सुईखालून सरकत गेली.

‘ती’ दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. हेब्बाळच्या त्या हॉस्पिटलच्या तळघरात, लिननच्या खोलीत, धुऊन आलेल्या चादरींच्या थप्प्यांमध्ये उभं राहायला धड जागा नव्हती, आणि बस म्हणायला कुणी तयार नव्हतं. तिचं नाव शिवलीला. चोवीस वर्षांपूर्वी दानिएल सातपुतेने बायको आणि सात वर्षांचा मुलगा सोडून जिच्याकडे बिऱ्हाड हलवलं, ती ही. तिला मूलबाळ झालं नाही. आणि दानिएल काल दुपारी वारला होता.

“मावशी, तिला मराठी कळतं,” पाळकसाहेब हळूच म्हणाले.

“कळतंय तर ऐकलं असेल की.”

पाळकसाहेब एकतीस वर्षांचे. बंगळुरात येऊन दोनच वर्षं झालेली. लग्नं लावून, बाप्तिस्मे देऊन त्यांचा हात बसला होता, पण एका मेलेल्या माणसाच्या दोन बायकांमध्ये उभं कसं राहायचं, हे सेमिनरीत शिकवलेलं नव्हतं. ते थप्पीवरच्या उशांच्या अभ्र्यांकडे बघत राहिले.

मागणं साधं होतं. शहरातल्या त्यांच्या दफनभूमीत नव्या कबरीला जागा उरलेली नव्हती. ज्यांच्या घरचं कुणी आधीच तिथे असेल, त्यांना तीच कबर दहा वर्षांनंतर उघडून मिळे. मात्र ज्याच्या नावावर कबर, त्याची सही लागे. आणि एकदा उघडली की पुढची पंधरा वर्षं तिला कुणी हात लावायचा नाही. बाकीच्यांसाठी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे नवी जमीन घेतलेली होती. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि मोठ्या रस्त्यावरून आतपर्यंत चालावं लागे ते वेगळंच.

जमनाबाईंच्या मुलाची, शमूची कबर त्यांच्याच नावावर होती. दानिएलला पोराजवळ ठेवायचं की त्या नव्या जमिनीत, हे त्यांच्या एका सहीवर होतं.

आणि ती जागा त्यांनी स्वतःसाठी धरून ठेवली होती. त्यांचं वय आता एकसष्ट. त्यांची आई सहासष्टाव्या वर्षी गेली, मावशी त्याच्या आतच. त्यांच्या माहेरच्या बायका सत्तरी बघत नाहीत, हे निपाणीकडे कुणालाही विचारावं. म्हणजे आज सही केली, की पोराशेजारी नवरा निजणार आणि आपण त्या लांबच्या माळावर अनोळखी माणसांच्या रांगेत. जन्मात मागण्यासारखं त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं, की मेल्यावर शमूजवळ पडायला मिळावं.

“अक्का,” शिवलीला पहिल्यांदाच बोलली. “मी खोटं सांगनार नाही. ते काय बदलले-बिदलले नाही. चर्चला गेले नाही, प्रार्थना केली नाही. शेवटपर्यंत पीत होते. लिव्हर गेली. फक्त आयसीयूमध्ये तीन दिवस एकच बोलत होते. शमूजवळ ठेव, शमूजवळ ठेव. म्हणून आले मी. मला काय गरज?”

मशीन थांबलं. त्या बाईने नवऱ्याचा शेवट गोड करून सांगितला असता, तर जमनाबाईंना ते सोपं गेलं असतं. खोट्याला नाही म्हणणं जड नसतं.

“पाळकसाहेब, तिला सांगा, पाच वाजेपर्यंत मी इथंच आहे. पण उत्तर तेच आहे.”

“मावशी, तुमचा हक्क आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “मी आग्रह करायला आलो नाही. पाचपर्यंत कळवलं तर मुत्तूला पहाटे खणायला सांगता येईल, नाहीतर गाडी पलीकडे न्यायची. एवढंच.”

दोघं गेली. जाताना शिवलीलाच्या पदराचा धक्का लागून चादरींची एक थप्पी कलली. तिने ती सारखी केली आणि मगच ती बाहेर पडली.

बारा वर्षांपूर्वी डेंग्यूने चार दिवसांत शमू गेला, तेव्हा दानिएल दफनभूमीच्या फाटकाशी आला होता. कामावरच्या कपड्यांत, हातात काही नाही. जमनाबाईंनी वडीलमंडळींकडून निरोप धाडला, की त्याची मूठमाती माझ्या पोरावर पडली तर मी या क्षणी इथून उठून जाईन. मंडळींनी त्याला माघारी लावलं. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बापाला मूठभर मातीही टाकू दिली नाही, असं नंतर काहीजण कुजबुजले. जमनाबाईंच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी ते खालीही पडू दिलं नाही आणि आतही घेतलं नाही.

त्या दिवशी पोटभर रडून झालं आणि मग काहीच वाटेनासं झालं. जीभ भाजल्यावर कशालाच चव लागत नाही, तसं. लोकांना वाटायचं, जमनाबाईंची श्रद्धा केवढी, एक रविवार चुकत नाही. खरंच चुकत नव्हता. मराठी उपासना साडेसातला असे. नऊला कन्नड मंडळींना तेच चर्च लागायचं, त्यामुळे मराठी मंडळींना देवाशी बोलणं लवकर आटपावं लागे. जमनाबाई पावणेसातलाच हजर. गीतपुस्तकं वाटायच्या, गीतं म्हणायच्या, प्रवचनाला मान हलवायच्या. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं.

फक्त प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणताना त्या एका ओळीपाशी गप्प व्हायच्या. क्षमेची ओळ. तेवढी ओळ बाकीचे म्हणेपर्यंत ओठ मिटून उभ्या राहायच्या आणि पुढच्या ओळीला पुन्हा सामील व्हायच्या. शेजारच्या कल्पनाबाईंना बारा वर्षांत ते कळलं नाही. देवाला कळलं असेल, तर त्यानेही कधी विषय काढला नव्हता.

आता त्या मशीनवर बसल्या होत्या. ‘नाही’ म्हणून झालं होतं. तो नवरा एक दिवस काहीतरी मागायला येईल आणि आपण नाही म्हणू, हे त्यांनी चोवीस वर्षं लोणच्याच्या बरणीसारखं दादरा बांधून ठेवलं होतं. आज बरणी उघडली आणि आत चव तर सोडाच, वासही नव्हता. सूड घेतल्याचा आनंद नाही, दानिएल मेल्याचं दुःख नाही. सुई वर गेली, खाली आली. चादर संपली. त्यांनी दुसरी घेतली.

मग त्यांना भीती वाटली. भीतीसुद्धा नीट नव्हे, पायरी चुकल्यावर वाटते तेवढी. ‘नाही’ म्हणतानाही काही वाटत नसेल, तर आपण मुळात आहोत की नाही? की शमूबरोबर आपल्यालाही त्यांनी तेव्हाच खाली ठेवलं आणि वरून माती ओढली?

चार वाजता त्यांनी मशीनवर झाकण घातलं. लिननच्या सुपरवायझरला, रक्षिताला, म्हणाल्या, “स्वल्प लवकर जाते मी आज.”

“बरं नाही का, जमनम्मा?”

“बरंच आहे.”

चर्चच्या ऑफिसात पाळकसाहेब एकटेच होते. संमतीचा कागद टेबलावर पेपरवेटखाली तसाच होता. त्यांनी तो लपवला नाही, पुढेही केला नाही.

जमनाबाई समोर बसल्या. “मला एक सांगा. मनातून आलं नाही, तर चालतंय काय?”

“क्षमा?”

“तुम्ही त्याला काय ते म्हणा. मला त्याचा राग पण येईना झालाय. माया तर नाहीच. कोरडं आहे सगळं. असल्या हाताने सही केली, तर ती देवाच्या उपयोगाची काय?”

“शास्त्रात मनापासून करा असंच आहे, मावशी. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.”

“म्हणूनच विचारलं.”

“सही आधी केली तर मन मागून येतं का, ते मला ठाऊक नाही. येतं म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. मला अजून एवढं मोठं काही सोडावं लागलेलं नाही.”

जमनाबाईंना हा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा नाकावर चढवला. कागदावर लिहिलं होतं, की सदर कबर दफनाच्या तारखेपासून पंधरा वर्षं उघडली जाणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी ‘जमना दा. सातपुते’ अशी सही केली. तो ‘दा.’ लिहायची सवय त्यांनी कधी मोडली नव्हती, रेशनकार्डावर तसंच होतं.

“नाही म्हणून बघितलं, काही वाटलं नाही. हो म्हणून बघते,” त्या म्हणाल्या.

“प्रार्थना करू या?”

“तुम्ही करा मागनं. मला बस गाठायचीय.”

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. ‘हो’ म्हणूनही काही वाटलं नव्हतं.

सकाळी त्यांना जायचं कारण नव्हतं. सही झाली, तिथे काम संपलं. तरी त्या साडेआठला दफनभूमीत पोहोचल्या. पोराची कबर उघडणार आणि तिथे घरचं कुणी नाही, हे कसं चालेल? शमूच्या कबरीवरचा दगड बाजूला काढून ठेवलेला होता, आणि मुत्तू छातीपर्यंत खड्ड्यात होता. मुत्तूचा बापही इथेच खणायचा. शमूला यानेच खाली ठेवलं होतं, तेव्हा त्याचे केस काळे होते.

“बंद्रा अम्मा,” आलात का, म्हणून त्याने मान वर केली. मग खाली वाकला आणि सावकाश, एकेक करून, पांढऱ्या मांजरपाटात काहीतरी ठेवत राहिला. जमनाबाईंनी पाहिलं नाही आणि नजरही वळवली नाही. त्याने कापड चारी बाजूंनी आवळून घेतलं, गाठ मारली आणि ते वर धरलं.

“हिडकोळ्ळी. नेलद मेले इडबारदु.” हातात धरा, जमिनीवर ठेवायचं नाही, असं तो म्हणाला.

त्याची ती रीत होती. जुनी कबर उघडली की आधीच्या माणसाची हाडं कापडात बांधायची, खड्डा आणखी खोल करायचा, नवी पेटी उतरवायची आणि मग ते गाठोडं पेटीवर ठेवायचं. तोवर ते जमिनीवर टेकवायचं नाही. घरचं कुणी असेल तर त्याच्या हातात द्यायचं, नसेल तर फावड्याच्या दांड्याला बांधून झाडाला टांगायचं.

जमनाबाई शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसल्या आणि त्यांनी शमूला मांडीवर घेतलं.

तीन-साडेतीन किलो असेल. झाला तेव्हा एवढाच होता. लग्नानंतर सहा वर्षांनी, नवस नको, प्रार्थनाच करीन म्हणून हट्टाने मागून घेतलेला. नाव म्हणूनच शमुवेल ठेवलेलं, देवाकडे मागितलेला. पुढे पावणेसहा फूट झाला, बुटाचा नंबर दहा, आणि आता परत मांडीत मावत होता. मुत्तू खणत होता. फावड्याचा आवाज येत होता. जमनाबाईंची मांडी त्यांच्या नकळत हलायला लागली.

पाऊण तास गेला असेल. पेटीची गाडी आली. शिवलीला होती, तिच्या चाळीतल्या दोन बायका होत्या, खांदा द्यायला पाळकसाहेबांनी मंडळीतून गोळा केलेले चौघे, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या कल्पनाबाई. एवढीच माणसं. पेटी दोरांवर खाली गेली. पाळकसाहेबांनी वाचन केलं, प्रार्थना झाली. जमनाबाई उठल्या नाहीत.

कारण त्यांना कळलं होतं, की आता शमूला परत मागतील. सही करताना काही वाटलं नव्हतं, सही कागदावर होती. आता वाटत होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा. द्यायचं नाही. यालाच घेऊन बसमध्ये बसायचं, घरी जायचं. दानिएलला मिळू दे सगळा खड्डा. त्या मोठ्याने रडू लागल्या, तोंडावर पदर न घेता, दोन्ही हात अडकलेले म्हणून. नवऱ्यासाठी रडतात असं चाळीतल्या बायकांना वाटलं आणि त्यांनीही डोळे पुसले. जमनाबाई शमूसाठी रडत होत्या. आणि शेवटी थोडं, फाटकावरून माघारी गेलेल्या त्या माणसासाठीही. ते थोडंच होतं, पण होतं.

मुत्तू पेटीच्या कडेला पाय रोवून उभा होता. त्याने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, “अम्मा, पायांकडे ठेवू?” रीत तीच होती.

“छातीपाशी ठेव,” जमनाबाई म्हणाल्या. बाप घर सोडून जाईपर्यंत शमू तसाच झोपायचा. खरं ते खरं.

त्या कशाबशा उठल्या, खड्ड्याच्या कडेला आल्या. पण गुडघे वाकेनात. कल्पनाबाईंनी दंड धरला, तरी वाकेनात. खड्ड्यातून मुत्तूचे हात वर उंचावलेले. समोरच्या बाजूला शिवलीला एकटीच उभी होती. या मंडळींत कुठे उभं राहायचं ते न कळल्यासारखी. ती वळसा घालून जवळ आली, हात पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले.

जमनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच.

“धर,” त्या म्हणाल्या.

शिवलीलाने पिशवी घ्यावी तसे दोन्ही हात खालून लावले.

“असं नव्हे. मानेखाली हात घाल.”

शिवलीलाने मानेखाली हात घातला, शमूला छातीशी घेतलं, आणि मगच ती खाली वाकली.